खुर्चीच्या अलीकडे

ताईने आयुष्यभर मुलींना ताठ उभं राहायला शिकवलं. मुलींच्या शाळेत ती खेळाची शिक्षिका. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि आवाज असा की मैदानाच्या कुंपणापलीकडून जाणारी माणसंही नकळत पोट आत ओढून चालायला लागत. मुली तिला पाठीमागे ‘शिट्टीबाई’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. बाकी सगळ्यांची ती ताई. धाकट्या बहिणीची तर होतीच, पण नवरासुद्धा दुसऱ्यांशी बोलताना, “थांबा, आमच्या ताईंना विचारून सांगतो,” म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

नाटकात ती शिरली ती पडण्यामुळे. तिशीत असताना एका हौशी नाटकमंडळीला एक नट जिन्यावरून गडगडत खाली आणायचा होता, आणि तालमीतच त्याने खांदा निखळवून घेतला होता. कोणीतरी म्हणालं, शाळेत एक बाई आहेत, त्या मुलींना कोलांट्या शिकवतात. ताई गेली, त्या नटाला न लागता पडायला शिकवलं, आणि मग तिथलीच होऊन गेली. पुढे ती बरंच काही शिकवायला लागली. चालणं, वळणं, ओझं नसताना ओझं उचलणं, गर्दी नसताना गर्दीतून वाट काढणं. कोणी तिला नृत्यदिग्दर्शिका म्हटलं की ती हात झटकायची. “नाचबिच मला येत नाही बाबा. माणसं जे रोज भराभर करतात ते मी त्यांना हळू करायला लावते, एवढंच.” पण पडण्याचा धडा तिचा पहिला, आणि त्यातला नियम ती नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगायची. पडणाऱ्याला मधेच धरायला जायचं नाही. धराल तर त्याचाही हात जाईल आणि तुमचाही. हे शिकवताना ती स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभी राहायची.

आई तिच्याकडे राहायला आली त्याला काही वर्षं झाली होती. आईने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. कानाला यंत्र लावून, उंच स्टुलावर बसून, दिवसभर लोकांचे फोन एकमेकांना जोडून द्यायचे. “मी बसून खाते,” ती ऐटीत सांगायची, “पण माझ्या कमाईचं खाते.” अख्ख्या गावाचे नंबर तिला तोंडपाठ असायचे. आधी नंबर गेले, मग नावं गेली, मग आज वार कोणता आणि जेवण झालं की व्हायचंय, हेही गेलं. या सगळ्याची घराने कशीबशी सवय करून घेतली. पण एक दिवस आईला खुर्चीत बसता येईना.

बसणं ती विसरली होती असं नाही. खुर्ची समोर दिसत असली की तिला कळायचं, ही बसायची वस्तू आहे. पण बसायचं तर पाठ फिरवावी लागते, आणि पाठ फिरवली की खुर्ची दिसेनाशी व्हायची. दिसेनाशी झाली की आईच्या लेखी ती नव्हतीच. मग ती तशीच राहायची, गुडघे जरासे वाकवून, हात अंगापासून थोडे लांब धरून, कोणीतरी थांबायला सांगितल्यासारखी.

“बस ना आई, मागेच तर आहे खुर्ची.”

“हो, बसते की,” आई म्हणायची, आणि उभीच.

ताईने यावर आपल्यापुरता उपाय शोधून काढला. आईच्या समोर उभं राहायचं, तिचे दोन्ही हात हातात घ्यायचे, जरा डावीकडे झुलायचं, जरा उजवीकडे, आणि झुलता झुलता तिला एवढं मागे न्यायचं की खुर्चीची कड तिच्या पोटऱ्यांना लागेल. कड लागली की आईचा चेहरा सैल पडायचा आणि ती निमूट बसायची. नवरा हे दारातून बघत म्हणायचा, “लग्न झालं तेव्हा माझ्याबरोबर एकदा तरी असं नाचली असतीस!” त्याला स्वतःला ते जमत नसे. त्याच्या हातात आई ओंडक्यासारखी ताठ व्हायची. “जावयाचा हात धरायला लाजतात त्या,” असं म्हणून तो सोडून द्यायचा, आणि ताई शाळेत असली की सासूबाईंना घरभर फिरवत राहायचा, नाहीतर पलंगावर लवंडू द्यायचा. तो निवृत्त झालेला होता आणि घर त्याच्या अंगवळणी पडलं होतं. भांडी, फरशी, कपडे, सगळं तोच बघायचा.

त्याच सुमारास मंडळीने विसरण्यावर नाटक करायचं ठरवलं. जुनी माणसं केव्हाच पांगली होती. आता सगळी तरुण मुलं होती, आणि त्यांचा दिग्दर्शक म्हणजे ग्रंथालयात नोकरी करणारा, छातीपर्यंत दाढी वाढवलेला एक माणूस. त्याला सगळे दाढीच म्हणत. दाढीच्या नाटकाला लिहिलेली संहिता नसायची. एका गॅरेजच्या वरच्या लांबट खोलीत, टायरच्या वासात, ही मुलं जमायची आणि अंगानेच नाटक रचायची. रीत अशी होती की प्रत्येकाने आपल्या घरातल्या विसरणाऱ्या माणसाची एक हालचाल आणायची. ज्याने आणली त्याने ती करायची नाही, दुसऱ्याला द्यायची. आपल्या माणसाची नक्कल करताना आपण एकतर रडतो, नाहीतर त्याला शहाणं करून टाकतो, असं ताईचं म्हणणं. आणि एकदा दिलेली हालचाल परत मागायची नाही. हाही दंडक ताईचाच. मागे एका मुलाने घरच्यांच्या धाकाने ऐन वेळी आपला भाग काढून घेतला होता आणि अख्ख्या नाटकाला भोक पडलं होतं.

कोणी आपल्या आजोबांचं शर्टाचं बटण लावणं आणलं. एकेक बटण शेजारच्या काजात जायचं आणि शेवटी एक उरायचं. कोणी आत्याचं दार उघडणं आणलं. ती कडी काढायची आणि कशासाठी काढली म्हणून पुन्हा लावायची. ताईने आईचं बसणं दिलं. ते चिमणीच्या वाट्याला आलं. चिमणी औषधांच्या दुकानात कामाला होती. अंगाने एवढीशी, पण मंडळीत सगळ्यांत मेहनती. तिने पहिल्याच तालमीत डोळे मोठे केले, हात थरथरवले, ओठ चावले.

“थांब,” ताई म्हणाली. “हे कोण आहे?”

“तुमची आई.”

“माझी आई इतकी नाटकी नाही गं. तू घाबरलेली म्हातारी करतेयस. आई घाबरत नाही. ती खोळंबलेली असते. बसथांब्यावर माणूस उभा असतो ना, येईल आत्ता म्हणून, तशी.”

चिमणीने डोळे लहान केले, हात सैल सोडले. मग विचारलं, “आणि आधी काय वाकतं? गुडघे, की कंबर? वजन कुठे असतं त्यांचं? टाचेवर, की पुढे?”

 ताईला सांगता येईना. रोज ती आईचे हात धरून उभी असायची, आणि हात धरलेल्या माणसाचं वजन कुठे जातं ते दिसत नाही, कारण ते आपल्याकडे येतं.

“बघून सांगा ना,” चिमणी सहज म्हणाली.

पुढच्या बऱ्याच तालमी त्यातच गेल्या. चिमणी पाठ फिरवायची, थांबायची, आणि ते दर वेळी खोटंच वाटायचं. दाढी भिंतीला टेकून गप्प बसायचा. त्याच्या गप्प बसण्याचा ताईला शिव्यांपेक्षा जास्त राग यायचा. पंचवीस वर्षं मी हेच करतेय, आणि रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट मला दाखवता येऊ नये?

एका रविवारी दुपारी नवरा स्वयंपाकघरात भांडी घासत होता. ताई पुढच्या खोलीत शाळेच्या गणवेशांची थप्पी तपासत होती. आई पलंगावरून उठून आली, खिडकीजवळच्या खुर्चीकडे गेली, तिच्याकडे नीट बघून घेतलं, आणि पाठ फिरवली. खुर्ची तिच्यापासून हातभर मागे राहिली होती. ताई उठली, तिच्या समोर गेली. रोजच्यासारखे हात पुढे करायचे, एवढंच उरलं होतं.

ताईने हात पुढे केले नाहीत. हात आपले मागे गेले आणि एकमेकांत अडकले.

आईचे गुडघे वाकले. म्हणजे गुडघ्यांपासून सुरुवात होते तर, ताईच्या मनात आलं. मग खांदे किंचित पुढे आले. मग एक टाच उचलली गेली, डावी, आणि मागे कशाचा तरी शोध घेऊन पुन्हा टेकली. बोटं पसरली. हनुवटी वर गेली. आणि मग आईने, बहुधा इतक्या दिवसांच्या सवयीने, समोर लेक उभी आहे म्हणजे मागे खुर्ची असणारच असं धरून चालून, अंग सोडून दिलं.

पडणं नेमकं कुठे सुरू होतं हे त्या शहरात ताईपेक्षा जास्त कोणाला कळत नसेल. ते सुरू झालेलं तिला दिसलं. त्याच्या आधीचंही दिसलं होतं.

आवाज फार मोठा झाला नाही. नवरा ओल्या हातांनी धावत आला तेव्हा आई फरशीवर बसलेली होती, उजवा हात अंगाखाली, आणि चेहऱ्यावर दुखण्याआधी आश्चर्य.

मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालेपर्यंत आई कण्हत राहिली, आणि ताई तिच्या डोक्यावर हात फिरवत राहिली. आणि तेवढ्यात, दवाखान्याच्या त्या बाकावर, तिला जाणवलं की आपली डावी टाच बुटात हळूच उचलली जातेय आणि टेकतेय. आईची ती हालचाल तिच्या अंगात पुरती उतरली होती. तिने पाय दाबून धरला.

धाकटी आली ती धापा टाकतच. धाकटी शहराच्या दुसऱ्या टोकाला पाळणाघर चालवायची, स्वतःच्याच घरात. तिच्या अंगावर कायम दुधाचे डाग आणि ओढणीला कुणा ना कुणा पोराने चिकटवलेला चिकटा. तिने आईचा हात बघितला, डॉक्टरांशी बोलली, आणि मग ताईकडे वळली.

“कशी पडली?”

“फरशी ओली होती,” ताई म्हणाली. “पाय सरकला.”

का म्हणाली, हे तिचं तिलाच कळलं नाही. इतकं सोपं वाक्य होतं. कुठल्याही घरातलं, कुठल्याही म्हातारीचं. धाकटी तडक ताईच्या नवऱ्याकडे गेली.

“भावोजी, पुसलेली फरशी वाळू तरी द्यायची! घरात म्हातारं माणूस आहे. एवढी कसली चकाकी हवी तुम्हाला?”

नवऱ्याने ताईकडे बघितलं. ताई प्लास्टरकडे बघत होती.

“चुकलंच माझं,” तो म्हणाला.

“आई आता माझ्याकडे,” धाकटी म्हणाली. “माझ्याकडे सगळीकडे रबरी चटया आहेत, आणि मी घर सोडून कुठे जात नाही. तुझी शाळा, तुझ्या तालमी. आणि भावोजी नि त्यांची फरशी.”

“प्लास्टर निघेपर्यंत,” ताई म्हणाली.

“नंतरचं नंतर बघू.”

धाकटीचं ‘नंतरचं नंतर’ ताईला लहानपणापासून ठाऊक होतं. तिने घेतलेली वस्तू तसं म्हणून कधी परत आली नव्हती. आई गेली तर घर मोकळं होईल, रात्री सलग झोप लागेल, हे सगळं खरं होतं. तरीही ताईला आई परत हवी होती. खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघवत नव्हतं. आणि परत मागायला आपलं तोंड राहिलं नाही, हे तिच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं, असं तिला वाटत होतं.

पुढच्या तालमीला तिने चिमणीला बाजूला घेतलं आणि दाखवलं. गुडघे. खांदे. डावी टाच, शोध, पुन्हा जमिनीवर. बोटं. हनुवटी. मग सोडून देणं. ती बोलत होती तो आवाज मैदानावरचा होता, कोरडा आणि स्वच्छ. चिमणीने ते उचललं आणि खोलीच्या मध्यावर जाऊन केलं. खोलीत कोणी हललं नाही. खाली गॅरेजमध्ये कोणीतरी चाकाचे बोल्ट आवळत होतं तेवढाच आवाज.

दाढी भिंतीपासून सुटला. “हेच,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “ताई, हेच शोधत होतो आपण. कुठून मिळालं?”

“बघून,” ताई म्हणाली.

त्या दिवसापासून नाटक त्या हालचालीभोवती उभं राहायला लागलं. दाढीने ती सगळ्यांना दिली. सगळी मुलं एकामागून एक पाठ फिरवायची आणि नसलेल्या खुर्चीवर अंग सोडायची. पडताना कोणालाही लागत नव्हतं. ताईनेच तर शिकवलं होतं. ती हात पाठीमागे बांधून उभी राहायची, आणि घरी येऊन जेवायची नाही.

एकदा तिने दाढीला बाजूला घेऊन म्हटलं, “मी ते काढून घेऊ का?”

त्याला वाटलं ती थट्टा करतेय. “दिलेलं परत मागायचं नाही. हे कोणी ठरवलं, सांगू?”

धाकटीचा फोन रोज यायचा. “बसत नाही गं ती. उभ्या उभ्या जेवते. झोपायला नेली तर ठीक, पण खुर्चीचं नाव काढलं की खांबासारखी. तू काय जादू करायचीस?” ताई म्हणायची, येते एकदा. दोनदा गेली, फळं देऊन दारातूनच परत फिरली, तालमीचं निमित्त सांगून. आणि प्रत्येक फोनच्या शेवटी धाकटी न चुकता विचारायची, “फरशी वाळली का भावोजींची?” नवराही न चुकता ओरडून उत्तर द्यायचा, “वाळत घातलीय गच्चीवर!”

एका संध्याकाळी फोन ठेवल्यावर तो समोर येऊन बसला. हातात फडकं होतं, ते त्याने नीट घडी करून मांडीवर ठेवलं.

“त्या दिवशी मी फरशी पुसलीच नव्हती,” तो म्हणाला. “नळाला पाणी नव्हतं सकाळपासून. भांडीसुद्धा साठवलेल्या पाण्यात घासली.”

ताईने ठेवलेला फोन उगाच सरळ केला.

“मी धावत आलो तेव्हा तू त्यांच्या समोर होतीस. हातभर अंतरावर. तुझे हात मागे होते.” त्याने फडक्याची घडी पुन्हा दाबली. “मी काही विचारत नाही. विचारायचं असतं तर तेव्हाच विचारलं असतं. पण ती बहीण तुझी आहे, माझी नाही. तिच्या शिव्या तू खा. माझं पोट भरलं.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ताई पाळणाघरात गेली. पोरांची झोपायची वेळ होती. सगळ्या खोलीभर गाद्यांवर पोरं उताणी, पालथी, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून पडली होती. त्यांच्यातच एका बाजूच्या पलंगावर आईही झोपली होती, प्लास्टरवर कोणीतरी रंगीत खडूने मांजर काढलेली. धाकटी स्वयंपाकघरात टेबलावर पोरांच्या दुपट्यांचा आणि लंगोटांचा ढीग घेऊन घड्या घालत होती.

“आलीस? बूट काढ, आवाज होतो. चहा ठेव तुझा तूच.”

ताईने चहा ठेवला नाही. टेबलाच्या अलीकडे उभी राहूनच म्हणाली, “फरशी ओली नव्हती.”

धाकटीचा हात चालूच होता. “मग?”

ताईने सांगितलं. आई कशी वळली, खुर्ची किती मागे होती, आपण कुठे उभे होतो. हात मागे ठेवले तेही. लांबवून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, लवकर संपलं.

धाकटीने हातातल्या दुपट्याची घडी पुरी केली. “किती वेळ बघत होतीस?”

“धरता आलं असतं एवढा वेळ.”

आत एक पोर झोपेत कुरकुरलं आणि शांत झालं.

“ते तुमचं असतं ना काहीतरी,” धाकटी म्हणाली. “मधेच धरायचं नाही वगैरे. ती सवय लागली असेल हाताला.” तिच्या आवाजात विनवणी होती.

“तसं सांगता येईल,” ताई म्हणाली. “पण तसं नव्हतं. मला बघायचं होतं.”

“काय?”

“अंग कसं जातं ते. हात धरलेले असले की दिसत नाही.”

“आणि दिसलं?”

“दिसलं.”

धाकटीने ढीग बाजूला सारला. “दाखव.”

“नको.”

“माझी आई आहे. मला न दाखवता परक्या पोरांना दाखवलंस. दाखव म्हणते ना.”

ताई स्वयंपाकघराच्या मध्यावर गेली. पाठ फिरवली. गुडघे वाकवले, खांदे पुढे आले, डावी टाच उचलली, टेकली. बोटं पसरली, हनुवटी वर गेली. स्वतः ती हे पहिल्यांदाच पूर्ण करत होती. चिमणीला दाखवताना तिने तुकडे तुकडे दाखवले होते. मग तिने अंग सोडलं.

ती पडली नाही. धाकटी टेबलापलीकडून कधी निघाली ते दोघींनाही कळलं नाही. तिचे दोन्ही हात ताईच्या काखेत होते, आणि ताईचं सगळं वजन तिच्या छातीवर. टेबल तिरकं झालं होतं, दुपटी खाली पसरली होती. दोघी तशाच थोडा वेळ राहिल्या, लहानपणी भांडताना राहायच्या तशा, एकमेकींच्या श्वासात.

“मला काही टोमणा मारायचा नव्हता हं,” धाकटी म्हणाली.  “हात आपसूक आले. दिवसभर हेच करते ना मी.”

ती शिव्या देईल याची ताईची तयारी होती. या वाक्याची नव्हती.

दारात काहीतरी हललं. आई उठून आली होती, केस विस्कटलेले. ती दोघींकडे बघत बघत टेबलाजवळच्या खुर्चीपाशी आली, खुर्ची बघितली, आणि पाठ फिरवली. ताई जागची हलली नाही. आपल्याला आता हक्क नाही असंच तिला वाटत होतं. धाकटी धावली, तिने आईला कमरेला धरून मागे ओढलं, आई ताठ झाली, धाकटीने आणखी ओढलं, आईने “नको नको” केलं.

“अगं ये ना! बघत काय उभी राहिलीस!” धाकटी ओरडली.

मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. तिने मान खाली घातली.

ताई पुढे आली. दोन हात धरायची सोय नव्हती, उजवा प्लास्टरमध्ये. तिने डावा हात घेतला आणि आपला दुसरा तळवा आईच्या उजव्या कोपराखाली, कपाखाली बशी धरावी तसा धरला. झुलता येईना, हात दुखला असता. मग तिने आपला गुडघा आईच्या गुडघ्याला हलकेच टेकवला आणि तिथून तिला मागे न्यायला लागली. आई तिच्या तोंडाकडे बघत होती. रोजच्यासारखीच. तिच्या चेहऱ्यावर कुठलाही हिशोब नव्हता, आणि ताईला तेच सोसवत नव्हतं. कड पोटऱ्यांना लागली. आई बसली.

धाकटीने नाक पुसलं. “आई इथेच राहील. प्लास्टर निघाल्यावरसुद्धा.”

येताना बसमध्ये ताईने मुद्दे जुळवले होते. तिथे शांतता आहे, इथे पोरांचा गोंधळ. तिथली तिला सवय आहे. त्यातला एकही मुद्दा तिला आता सापडेना.

“बरं,” ती म्हणाली.

“रागाने म्हणत नाहीये मी.”

“माहीत आहे.”

“थोडं रागानेही म्हणतेय.”

“तेही माहीत आहे.”

धाकटी खाली वाकून दुपटी गोळा करायला लागली. “तू शाळा सुटली की येत जा. बसवायला. आणि ते नाटकातलं काढून टाक.”

“दिलेलं परत मागता येत नाही.”

“हा कोणाचा नियम?”

“माझाच.”

“मग भोग. मी यायची नाही बघायला.” ती उठली, आणि एकदम काहीतरी आठवून थबकली. “म्हणजे भावोजींनी फरशी पुसलीच नव्हती?”

“पाणीच नव्हतं त्या दिवशी.”

धाकटीने दुपटं तोंडावर दाबलं. पोरं उठू नयेत म्हणून ती आवाज न करता हसत होती, खांदे गदगदत होते, आणि ते हसणं कुठे संपून रडणं कुठे सुरू झालं ते ताईला कळलं नाही.

त्यानंतरच्या तालमीला ताईने मुलांना सगळं सांगितलं. आडवळण घेतलं नाही. चिमणीचा चेहरा पांढरा पडला. “मी म्हटलं होतं, बघून सांगा,” ती पुटपुटली. ताई म्हणाली, “तू विचारलंस. बघितलं मी.” मग तिने एक उंच मुलगा निवडला आणि त्याला चिमणीच्या समोर, हातभर अंतरावर उभं केलं. त्याचे हात तिने स्वतः मागे नेले आणि बोटं एकमेकांत अडकवून दिली.

“हा कोण?” दाढीने विचारलं.

“हा तिथे होता,” ताई म्हणाली.

 प्रयोग झाले, लोक आले, काहीजण रडले. काहींना तो उंच मुलगा फार दुष्ट वाटला, काहींना कळलाच नाही. धाकटी आली नाही. नवरा एकदा आला, शेवटच्या रांगेत बसला, आणि घरी जाताना वाटेत एवढंच म्हणाला, “मुलगा चांगला उभा राहतो.”

ताई रोज शाळा सुटली की पाळणाघरात जायची. प्लास्टर निघालं. मनगट थोडं वाकडं जुळलं होतं, त्यामुळे झुलणं पुन्हा जमलं नाही. गुडघ्याला गुडघा लावूनच बसवावं लागे. धाकटी शेजारी उभी राहून बघायची. करून बघायची नाही.

एक दिवस ताई पोचली तेव्हा आई आधीच खुर्चीत बसलेली होती. मांडीवर एक पेंगुळलेलं पोर, आणि आईचा डावा हात त्याच्या पाठीवर.

“कोणी बसवलं?”

“मी,” धाकटी म्हणाली. ती घड्या घालत होती, मान वर केली नाही, पण आवाजातली ऐट लपत नव्हती. “तुझं ते गुडघ्याबिडघ्याचं मला नाही जमणार. पोरांना झोपवते तसं पाठीवर थोपटत नेलं मागे. तिसऱ्या खेपेला बसली.”

“पोटऱ्यांना कड लागली होती ना आधी? नाहीतर—”

“शिट्टीबाई, बसलीय ना ती?”

ताईने आईकडे बघितलं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, खांदे सैल. सुधारण्यासारखं काही नव्हतं.

“बसलीय,” ती म्हणाली.

मग तिने हातातली पिशवी खाली ठेवली. धाकटीने ढिगातला अर्धा भाग तिच्याकडे ढकलला. “पोरं उठायच्या आत आवरायचंय,” ती म्हणाली. “आणि घड्या माझ्यासारख्या घाल, तुझ्यासारख्या नको.”